पतीच्या सहीचा रकाना

वन्सं, तुमच्या तेराव्याला प्रकाश भरल्या खोलीत म्हणाला, "ताईनं आयुष्यात माझ्यापासून एकही गोष्ट लपवली नाही." मी तेव्हा पाहुण्यांना खीर वाढत होते. डाव वाटीच्या काठावर आपटला. तो आवाज बहुधा मला एकटीलाच ऐकू आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आर. के. पुरमच्या तुमच्या जुन्या शेजारणींनी पदर डोळ्यांना लावले. तुमच्या तसबिरीवरच्या निशिगंधाचा वास इतका दाट झाला होता, की खिडकीशी जाऊन श्वास घ्यावासा वाटत होता. मी गेले नाही. जागच्या जागी उभी राहून मीही मान डोलावली, तुमच्या वतीनं आणि माझ्याही.

एक गोष्ट तुम्ही लपवली होतीत, आणि ती माझी होती. सोळा वर्षांपूर्वी मी गर्भपात करून घेतला. ते तुम्हाला माहीत होतं, प्रकाशला नव्हतं. आता ते घरात फक्त मला माहीत आहे. सोळा वर्षं आपण दोघींनी दोन टोकांना धरलेली सतरंजी, आणि तुमच्या हातातलं टोक अचानक सुटलं, असं गेले काही दिवस वाटत आहे.

लग्न होऊन मी पुण्याहून दिल्लीला आले ती थेट तुमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. तुम्ही वसाहतीच्या दवाखान्यात सिस्टर. आईवेगळ्या धाकट्या भावाला तुम्हीच वाढवलेलं, त्याच्या प्रगतिपुस्तकांवर पालक म्हणून तुमच्याच सह्या. मी मराठी कवितेत एम. ए. केलेली, पेटीत साड्यांपेक्षा वह्या जास्त. पहिल्याच महिन्यात मी तुमच्या कानाशी लागून म्हणाले, "वन्सं, मला अडचण आली आहे."

"कसली? गॅस संपला?"

"नाही हो. ती... अडचण."

"मग पाळी आली म्हण की! अगं वसू, येते ती कसली अडचण? येत नाही तेव्हा सांग." आणि तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात, की वरच्या मजल्यावरच्या पंजाबी मावशी "क्या हुआ, कुसुम सिस्टर?" म्हणत कठड्यावरून वाकल्या. तुम्ही त्यांनाही सांगितलंत. पुढचा आठवडाभर मी त्यांच्यासमोर मान वर केली नाही.

हिवाळ्यात दुपारी क्वार्टरांमधल्या हिरवळीवर ऊन उतरलं, की बायका चटया टाकून विणायला बसत. शेंगांची टरफलं, संत्र्याच्या सालींचा तिखट वास, सुयांची टिकटिक आणि पाच-सहा भाषा. त्या उन्हात तुमचा वर्ग भरायचा. प्रकाशच्या शाळेतला मरून स्वेटर उसवून त्या लोकरीचं तुम्ही एक गर्भाशय विणलं होतंत. दोन बाजूंना दोन नळ्या, त्यांच्या टोकांना पांढरी बटणं, खाली निमुळतं तोंड.

"सिस्टर, आपका ये बटुआ तो बड़ा सुंदर है," वरच्या मावशी म्हणाल्या.

"सबके पास है जी. बस, चाबी अपने पास रखा कीजिए."

हशा ओसरल्यावर त्या लोकरीत तांबी कुठे बसते ते तुम्ही दाखवायचात. गोळ्या कशा घ्यायच्या, नको असलेलं गर्भारपण कुठवर आणि कुठे थांबवता येतं, त्याला कोणाची संमती लागते आणि कोणाची लागत नाही, हे सगळं भाजीचे भाव सांगावेत तशा आवाजात सांगायचात. मी जरा दूर, पुस्तकात डोकं घालून बसायची आणि एक शब्दही निसटू द्यायची नाही.

मग प्रकाशला नव्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही नोएडाला आलो. आमच्या सेक्टरला नाव नव्हतं, आकडा होता. रस्ते आधी आले होते, झाडं नंतर यायची होती. सिमेंटच्या धुळीची चव पिण्याच्या पाण्यालासुद्धा लागायची. परदेशी मालाच्या जाहिराती आपल्याकडच्या भाषांत करणारा एक स्टुडिओ तिथं नुकता निघाला होता. मराठी मजकुराचं काम मला मिळालं. सॅनिटरी नॅपकिनच्या जाहिरातीसाठी मी 'त्या दिवसांत' फुलपाखरासारखं भिरभिरण्याविषयी काहीतरी लिहिलं, आणि मोठ्या अभिमानानं तुम्हाला टीव्हीसमोर बसवलं. पडद्यावर नॅपकिनवर निळं पाणी ओतलं गेलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात.

"निळं? इतकी वर्षं नोकरी झाली, पण अजून एकीचंही निळं पाहिलं नाही बाई."

मी रुसले. तुम्ही म्हणालात, "रुसू नकोस. तुला चांगलं लिहिता येतं म्हणून तर राग येतो."

ईरा झाली, आणि मला वास येईनासे झाले. तिच्या टाळूला नाक लावलं तरी काही नाही. दूध उतू जायचं, डाळ करपायची, मला कळायचं नाही. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना कठड्याचा गारवा तळहातांना बरा वाटायचा, आणि मी तिथं गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहायची. प्रकाश म्हणायचा, "थकली आहेस. होईल ठीक." तो वाईट नव्हता, त्याला दिसत नव्हतं. तुम्हाला एका रविवारी, चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत दिसलं. तुम्ही उठून गॅलरीच्या दाराला कुलूप घातलंत, महिनाभराची रजा टाकून आमच्याकडे राहिलात आणि मला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेलात. प्रकाशला एवढंच म्हणालात, "ही आजारी आहे. आळशी नाही."

मला बरं व्हायला वर्ष लागलं. वास एकेक करून परत आले. आधी फोडणीतला हिंग, मग ईराच्या केसांतलं तेल. मी स्टुडिओत परतले. आणि मार्च महिन्यात माझी पाळी चुकली.

गर्भनिरोधक गोळ्या मी नेमानं घेत होते. मधे दोन दिवस पोट बिघडून उलट्या झाल्या होत्या, आणि उलटीबरोबर गोळीही जाते, हे त्या हिरवळीवर तुम्ही सांगितलेलं मला फार उशिरा आठवलं. तुमच्याकडे आले तेव्हा रस्त्यावर सेमलची, म्हणजे आपल्या काटेसावरीची, जाड लाल फुलं चाकांखाली चिरडून पडली होती. त्यांच्या ओलसर वासानं मी नाकाला पदर लावला होता. तुम्ही मटार सोलत होतात. मी सांगितलं. तुम्ही तारीख विचारलीत, बोटांवर मोजलंत, म्हणालात, "आठवा आठवडा." आणि मग विचारलंत, "तुला काय हवंय?"

"मला पुन्हा त्या कठड्याशी उभं राहायचं नाही."

शेंग अंगठ्याखाली फुटली, दाणे पातेल्यात टणटणले. "प्रकाशला सांगितलंस?"

"नाही. आणि सांगणारही नाही."

"का? मारणार आहे तो तुला?"

"समजूत घालेल. दोन झाली की सुटलो, म्हणेल. आणि इतक्या प्रेमानं म्हणेल, वन्सं, की मी हो म्हणेन."

पुढच्या चार शेंगा तुम्ही सोलल्यात. तो तुमचा भाऊ होता; तुमच्या हातांनी वाढलेला. तुमच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होतं, ते मी पाहिलं नाही. मला तेव्हा माझ्याखेरीज कोणाचंच काही पाहता येत नव्हतं. शेवटी तुम्ही म्हणालात, "त्याला सांगायला हवंस, असं मला वाटतं. पण ते माझं वाटणं. सोमवारी जाऊ." निघताना मी तुमच्याकडून वचन घेतलं, की तुम्हीही त्याला कधी सांगणार नाही.

नोएडातलं ते नर्सिंग होम नवंकोरं होतं. काचेचं दार, ओल्या रंगाचा वास, भिंतींवर गोबऱ्या बाळांची चित्रं. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढे सरकवला. नाव, वय, पत्ता, माझी सही. आणि त्याखाली आणखी एक रकाना होता, पतीच्या सहीचा.

"मॅडम, हस्बैंड कहाँ हैं?"

"ऑफिस में."

"तो शाम को साथ ले आइए. उनके साइन के बिना नहीं होगा."

"बेटा, ये बालिग है," तुम्ही म्हणालात. "कानून में सिर्फ़ इसके दस्तख़त चाहिए."

"आंटी, कानून का मुझे नहीं पता. हमारे यहाँ फॉर्म यही है."

आतून डॉक्टर आले. तुम्ही नर्स आहात हे कळल्यावर त्यांचा आवाज मऊ झाला. "सिस्टर, आप तो समझती हैं. कल को हस्बैंड आकर हंगामा करे, तो?"

"तो मुझे बुला लीजिएगा. मैं उसकी बड़ी बहन हूँ."

ते क्षणभर गोंधळले आणि मग हसले. "फिर क्या दिक्कत है? भाई साहब को आप ही ले आइए ना."

मी तुम्हाला पाण्याच्या कूलरजवळ ओढत नेलं. "वन्सं, तुम्हीच करा ना सही. तुम्हाला त्याचं अक्षर येतं. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही."

"कोणाला कळणार आहे?"

"मला. अगं, हा रकाना इथं असायलाच नको. त्यात खोटी सही केली तरी तो भरलाच ना? उद्या येणाऱ्या बाईला ही मुलगी आपलाच फॉर्म काढून दाखवेल. बघा, यांनीसुद्धा केली सही."

"उद्याच्या बाईचं मला काय सांगता? पोट माझं आहे!"

मी मराठीत ओरडले. कोणालाही शब्द कळले नाहीत आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. तुम्ही तो फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकलात आणि काचेचं दार ढकललंत.

त्यानंतरचे नऊ दिवस मी तुमचा द्वेष केला. हे तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही, वन्सं. तुम्ही रोज स्टुडिओत फोन करायचात. "रजेचा अर्ज दिलाय." "मोठ्या डॉक्टरीणबाई बाहेरगावी आहेत, बुधवारी येतील." मी "हं" म्हणून फोन ठेवून द्यायची. त्या आठवड्यात माझ्याकडे बाळाच्या साबणाची जाहिरात होती. कागदाच्या एका बाजूला मी मऊ, नितळ, दुधाळ असली विशेषणं लिहीत होते, आणि मागच्या बाजूला प्रकाशची सही गिरवत होते. ती मला जमत नव्हती. एका सकाळी त्यानं मला बेसिनवर वाकलेलं पाहिलं. "पुन्हा पोट बिघडलं का गं?" म्हणत तो लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घेऊन आला, आणि ते संपेपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्या हाताखाली माझ्या तोंडातून सगळं निघणार होतं. ओठ उघडलेही होते. आत ईरा रडली आणि तो हात उचलून तिकडे गेला. दिवस सरकत होते, आणि तुमच्या तत्त्वाची किंमत माझं शरीर मोजत होतं.

दहाव्या दिवशी तुम्ही मला दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात नेलंत. फिनेलचा वास, गुळगुळीत झालेला लाकडी बाक, त्यावर खेटून बसलेल्या बायका. कायद्यातलं संमतीचं कलम तुम्ही निळ्या शाईत उतरवून आणलं होतंत. तिथल्या कारकुनानंही तेच विचारलं. तुम्ही कागद पुढे केलात. त्यानं तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "मेरे को क्या, डॉक्टर साहिबा से पूछ लीजिए."

पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला ओळखलं. "कुसुम, किसका केस है?"

तुम्ही एक पाऊल मागे सरलात. मला ते पाऊल अजून दिसतं. भिंतीला पाठ लावून तुम्ही म्हणालात, "इसका है. इसी से पूछिए."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही समोरच्या तक्त्याकडे पाहत राहिलात. इतरांच्या फुलपाखरांसाठी ज्या बाईला शब्द सुचत होते, तिच्या जिभेवर तेव्हा नुसती कोरड होती. पंख्याचा आवाज आठवतो. मग मी माझाच आवाज ऐकला. "मुझे ये बच्चा नहीं चाहिए. पिछली बार मैं मुश्किल से बची हूँ. मेरे पति को नहीं पता, और मैं उन्हें बताना नहीं चाहती."

त्यांनी माझ्या आजारपणाविषयी चार प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली. फॉर्म तिथंही तसाच होता. पतीच्या रकान्यावर त्यांनी तिरकी रेघ मारली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली, माझी एकटीची. लग्नाच्या नोंदवहीत, भाड्याच्या करारावर, ईराच्या जन्मदाखल्यावर मी तोवर सह्या केल्याच होत्या. पण माझी एकटीची सही पुरेशी आहे, असं मला प्रथमच कोणीतरी सांगत होतं.

दोन दिवस तुम्ही मला तुमच्याकडे ठेवून घेतलंत. शेकायला गरम पाण्याची पिशवी, मऊ भात, मेतकूट, आणि दर दोन तासांनी "किती भिजला पॅड?" हा प्रश्न. प्रकाशला तुम्ही माझ्यासमोरच फोन केलात. "हिच्या पोटाचं पुन्हा बिघडलंय. राहू दे माझ्याकडे. ईराला तू बघ." तुमचा आवाज जराही हलला नाही. तुम्ही रिसीव्हर ठेवलात आणि मी, इतकं सगळं तुमच्याकडून घेऊन, म्हणाले, "खोटी सही चालत नाही, आणि खोटं बोलणं चालतं?"

"हे घरातलं आहे, वसू. घरातलं मी निस्तरीन. कागद पुढच्या बाईलाही लागतो."

मी भिंतीकडे तोंड केलं.

हे भांडण आपलं कधी मिटलंच नाही. भाजी निवडताना निघायचं, नव्यानं आलेल्या मेट्रोत निघायचं. मी म्हणायची, पुढच्या बाईसाठी तुम्ही माझे नऊ दिवस खर्ची घातलेत. तुम्ही म्हणायचात, "घातले. ते माझ्या माथी." तुम्ही कधी सारवासारव केली नाहीत, आणि मला त्याचाच संताप यायचा. मी जिंकावं इतकंही तुम्ही भांडत नव्हतात.

पण त्या फोनचं तुम्ही काय निस्तरलंत, ते मला दर भाऊबीजेला दिसत होतं. आधी ओवाळताना तुम्ही प्रकाशची टिंगल करायचात, त्याचं सुटलेलं पोट मोजायचात. नंतर तुमची नजर निरांजनावरून हलत नसे. दोन वर्षांपूर्वी, ताट आत ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, "सांग गं त्याला. तुझ्यासाठी नव्हे. माझ्यासाठी." आयुष्यात तुम्ही माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. मी म्हणाले, "बघू." पुढच्या भाऊबीजेलाही मी काही केलं नाही. मग तुम्ही आजारी पडलात. तेव्हाही मी तुमच्या पायांना तेल लावत होते, आणि तुम्ही माझ्याकडे पाहत होतात, आणि मी तेलाच्या वाटीकडे पाहत होते.

तेराव्याला प्रकाशच्या त्या वाक्यानंतर पाहुणे पांगू लागले, तेव्हा एक अनोळखी बाई दाराशी घुटमळत होती. नोएडातल्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करते, म्हणाली. कुठल्याशा वस्तीत तिनं तुमचा वर्ग ऐकला होता. मी खिरीची वाटी पुढे केली. तिनं ती घेतली नाही. आधी माझा हात धरला.

"मेरे टाइम पे भी पति की साइन माँग रहे थे," ती खालच्या आवाजात म्हणाली. "सिस्टर गुस्सा हो गईं. बोलीं, मैं तीन साल से तुम्हारे पीछे पड़ी हूँ, ये लाइन हटाओ. डॉक्टर ने हमारे सामने कटवाई."

मी नर्सिंग होमचं नाव विचारलं. तेच होतं, काचेच्या दाराचं. तुम्ही तिथं परत गेला होतात, वन्सं. तीन वर्षं जात राहिलात, आणि माझ्याशी भांडताना एकदाही ते पुढे केलं नाहीत. तुम्ही ज्या बाईविषयी बोलायचात, ती मला कायम तुमच्या हट्टानं रचलेली वाटायची. ती माझ्यासमोर उभी होती. तिच्या बोटांना सुया टोचल्याच्या खुणा होत्या. नऊ दिवसांचा माझा राग तरीही गेलेला नाही, हेही इथं लिहायला हवं. तुम्हाला खोटं आवडत नसे. पण त्या रागाशेजारी आता ती बाई उभी आहे, आणि दोघांनाही मला जागा द्यावी लागते आहे.

इथवर लिहून झाल्यावर परवा सकाळी ही पानं मी प्रकाशला दिली. परवानगीसाठी नव्हे, मासिकात छापून येण्याआधी त्याला माझ्याकडून कळावं म्हणून. तो बाहेर खुर्चीत बसून वाचत होता. मी ओट्याशी कांदा चिरत होते आणि पानं उलटल्याचा आवाज ऐकत होते. एका पानानंतर तो थांबला. मग तो आत येऊन दाराला टेकला.

"तू सांगितलं नाहीस, ते समजून घेईन मी कधीतरी," तो म्हणाला. "पण ताई?"

"मी त्यांना वचनात बांधलं होतं."

"दर भाऊबीजेला?"

"दर भाऊबीजेला."

त्यानं चपला घातल्या आणि तो निघून गेला. दुपारी परतला, जेवला नाही. वन्सं, तो तुमच्यावर रागावला आहे, आणि रागावायला समोर कोणी नाही. तुम्ही गेल्यापासून तो रडला नव्हता. काल तुमचा जुना फोन नंबर वहीतून शोधून काढून त्याकडे पाहत बसला, आणि मग रडला; लहान मुलासारखा, नाक पुसायचं विसरून. संध्याकाळी त्यानं मला विचारलं, "मी खरंच तुझी समजूत घातली असती?"

"हो."

"घातली असती," तो म्हणाला.

अजून तो माझ्याशी पुरतं बोलत नाही. किती दिवस असंच चालेल, मला माहीत नाही. ते दिवस आता माझ्या माथी. आज सकाळी पानं लिफाफ्यात घालण्याआधी मी त्याला म्हटलं, हवं तर तुझं नाव बदलते, दुसरं काही घालते. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"नको," तो म्हणाला. "ताईवर लिहिलंयस. त्यात माझं नाव खोटं कशाला?"